सुरंगोलीची गोमू

मार्च लागला की कोकणात सुरंगी फुलते. इकडे दुबईत, अल मनखूलच्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सुलक्षणा डोळे मिटून तिचा वास आठवते, मग पुरणाची डाळ निवडायला बसते.

दोन हजार दोनच्या शिमग्याआधीचा शुक्रवार. तिच्या नवऱ्याने, आत्मारामने, जेवता जेवता जाहीर केलं, "मंडळाचं नाव बदलतोय. 'सुरंगोली ग्रामस्थ मंडळ' खलास. आता 'कोकण स्नेही मंडळ'. बॅनर रंगवायला दिलाय."

"आणि गोमू?"

"गोमूही नाही."

समोर बसलेल्या यतीनचा घास हातातच राहिला. यतीन आत्मारामचा धाकटा भाऊ. शारजात भावाच्याच खिडक्यांच्या वर्कशॉपचं काम बघायचा. शेजारी लिओनार्ड, वसईचा, हॉटेलात फ्रंट ऑफिसला. यतीनचा रूममेट. सगळे रूममेटच म्हणायचे.

सुरंगोलीत शिमग्याला पुरुष लुगडं नेसून गोमू होतो नि दारोदार नाचतो. इथे यतीन नाचायचा. त्या नाचावरून गल्फमधल्या मराठी पोरांत कुणीतरी 'सुरंगोलीकर' हा शब्द उचलला, आणि पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषाला तो चिकटला. शारजाच्या गॅरेजांतून तो पार रास अल खैमापर्यंत गेला. मागच्या महिन्यात मराठी मेळाव्यात "सुरंगोलीकरांनी स्टेजवर यावं" असं माइकवर म्हणताच मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. आत्माराम सत्काराचा नारळ न घेताच खाली उतरला होता.

"माझा बाप सुरंगोलीकर म्हणून जगला, सुरंगोलीकर म्हणून गेला," तो आता म्हणाला. "त्यावर लोकांनी हसायचं? शब्द आपला आहे. त्यांनी दुसरा शोधावा."

"कुठला शोधावा, दादा?" यतीन म्हणाला. "बाकीच्या सगळ्या शिव्याच आहेत."

"ते मला काय विचारतोस! लिओनार्ड, तुझ्या वसईचं असं झालं असतं तर?"

"तर आमचे फादर आधी चिडले असते," लिओनार्ड म्हणाला, "आणि मग म्हणाले असते, यल्ला, जेवा, थंड होतंय." त्याच्या आईने शिकवलेले गोल गोल फुगे तो तळून घेऊन आला होता. त्याने एक आत्मारामच्या ताटात ठेवला.

"बाबा, व्हॉट्स द बिग डील?" मुलगी रुचा म्हणाली.

"तू गप्प बस. तुझं लग्न जमवायचंय मला."

यतीनने ताटातच हात धुतला आणि तो उठला. "टाकून द्या गावाचं नाव. पण मग मलाही टाकल्यासारखंच झालं, दादा. लिओनार्डला रास अल खैमाला नोकरी मिळतेय. मीही तिकडेच बघतो. शुक्रवारी आता वाट बघू नका."

आत्मारामने फुगा मात्र खाल्ला.

सुलक्षणा स्वयंपाकघरात आली तेव्हा यतीन ओट्याला टेकून उभा होता.

"वहिनी, तुला माहीत आहे ना?"

"मी लग्न होऊन आले तेव्हा शेंबडा होतास. माझ्या लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन नाचायचास. मला कुणी काय सांगायचं राहिलंय रे?"

तो हसला, मग ठिबकणारा नळ पिळून बंद केला. "इथे नवा होतो. बसमध्ये एकाने विचारलं, सुरंगोलीकर का? मी म्हटलं, हो, तिथलाच. तो हसला, मीही हसलो. शेजारी पोलीस बसलेला, त्याला काय कळतंय! वहिनी, चारचौघांत मोठ्याने बोलता येईल असा आम्हाला तेवढा एकच शब्द मिळाला. आणि तो आपल्या गावाचा निघाला. केवढं बरं वाटलं होतं मला."

"विचारणारा कोण होता?"

"बाहेर तुझं टेबल पुसतोय तो."

सुलक्षणाने हात पुसले, आत गेली आणि कपाटातलं आपलं हिरवं लुगडं नि सासूबाईंची नथ पिशवीत घालून आणली.

"दादा नको म्हणालाय," यतीन म्हणाला.

"मंडळात नको म्हणालेत. गोमूने दारात उभं राहून विचारलं की घरधन्याला बोलावंच लागतं. ते मंडळाच्या हातात नाही नि बॅनरच्याही नाही."

शिमग्याच्या दिवशी दुपारी हॉल माणसांनी भरला. नवा बॅनर सोफ्यामागे लागला होता. पोळ्या वाढायच्या एवढ्यात बाहेर घुमट वाजलं. मातीचं पोट असलेलं ते वाद्य वाजवण्यात लिओनार्डचा हात धरणारा कुणी नव्हता. सुलक्षणाने दार उघडलं. लिफ्टसमोर हिरवी गोमू उभी. सुरंगी कुठून आणणार? वेणीत बर दुबईच्या देवळाबाहेरचा मोगरा.

*सुरंगीचा वळेसर, मागते मी वेणीला,*
*सांगा कुणाची मी गोमू, आल्ये कुठल्या पाण्याला?*

गोमू विचारते, घरधनी गावाचं नाव घेतो, मगच ती उंबरा ओलांडते. नाव घेतलं नाही तर ती मागे फिरते आणि त्या घराला शिमगा नाही.

"आमची," आत्माराम सोफ्यावरूनच म्हणाला. "आमची आहे. ये आत."

गोमू हलली नाही. घुमट पुन्हा वाजलं.

*आमची आमची म्हणे, दारी येई त्याला कोणी,*
*गाव सांगा माझ्या दादा, डोळा खळेना गं पाणी.*

ही ओळ गावच्या गाण्यातली नव्हती. सुलक्षणाने पदर तोंडाला लावला.

समोरच्या फ्लॅटचं दार उघडून रत्नागिरीच्या जैनबभाभी डोकावल्या. "आत्मारामभाऊ, बोला की! किती ताटकळवाल पोरीला?"

आत्माराम उठला, दाराशी आला. आईची नथ यतीनच्या नाकात जरा तिरकी बसली होती. आत्मारामने हात पुढे केला आणि ती सरळ केली.

"सुरंगोलीची," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," मागून सुलक्षणा म्हणाली.

"सुरंगोलीची!" तो असा ओरडला की खालच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. "माझ्या बापाच्या सुरंगोलीची आहे! हसायचंय त्याने हसावं!"

गोमूने उजवं पाऊल आत टाकलं. लिओनार्ड बाहेरच थांबला. वाजवणारा काही घरचा नव्हता.

आत्माराम वळला. "आणि तू काय बाहेर उभा? वसईचा असशील. पण आहेस सुरंगोलीकरच ना?"

लिओनार्डचा हात घुमटावर थांबला. "हो, दादा."

"मग ये आत. पोळ्या गार होतायत. आणि रुचा, तो बॅनर काढ गं, गोमूला नाचायला जागा कर."