चौदावी ओळ

मानसीने चौदावी ओळ काढण्याचा बदल तिसऱ्यांदा मंजुरीला पाठवला, आणि मुकुंदरावांनी तिसऱ्यांदा तो तसाच ठेवला.

ब्राउझरने ऑपरेटिंग सिस्टीमकडे काय काय मागायचं, याची एक सामाईक फाइल असते. ती मुकुंदराव सांभाळत. प्रत्येक मागणी एका ओळीत, प्रत्येक ओळीला क्रमांक. दोन्ही बाजू आपापल्या वेळेला अपडेट होतात, त्यामुळे नव्या ब्राउझरची गाठ जुन्या सिस्टीमशी पडतेच. म्हणून जुनी सिस्टीम असलेलं शेवटचं मशीन अपडेट होईपर्यंत तिची ओळ काढायची नाही, हा नियम. चौदावी ओळ सिस्टीमच्या बाजूने माधवीने लिहिली होती. माधवी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन अकरा महिने झाले होते.

दुपारी मानसी स्वतःच खुर्ची ओढून बसली. हैदराबादच्या दिलसुखनगरात वाढलेली पोरगी, बोलायला भीत नसे.

"सर, काय की तुमचं! शुक्रवारी रिलीज आहे. ही ओळ राहिली तर माझं चार महिन्यांचं काम पुढच्या खेपेला जातंय."

"जुनी मशीनं आहेत अजून."

"किती?"

"आहेत."

"हौ, आहे. एकच आहे." तिचा आवाज खाली आला. "मी यादी काढली सर. ऑफिसचाच लॅपटॉप आहे. माधवी मॅडमच्या नावावर. रोज सकाळी सहाला उघडतो."

मुकुंदरावांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"अपडेटला रीस्टार्ट लागतो. तो केला की जाईल ते," ते म्हणाले.

"काय जाईल?"

"दवाखान्यात जायच्या आधी ती माझ्या कामावर शेरा लिहीत होती. पाठवायचा राहिला. स्क्रीनवर ती खिडकी तशीच उघडी आहे."

"काय लिहिलंय?"

"'मुकुंद, इथे तू पुन्हा तीच चूक.' एवढंच. पुढे कर्सर."

"लिहून ठेवा ना सर कुठेतरी."

"लिहिलंय. चार ठिकाणी."

"मग?"

"मग काही नाही. थकलोय मी, मानसी."

ती उठली. खुर्ची जागेवर सरकवली. "शुक्रवारचं राहू द्या सर. पुढच्या खेपेला बघू." आणि खरंच गेली. तिने हट्ट धरला असता तर त्यांना बरं पडलं असतं.

नारायणगुड्याच्या घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. त्यांनी चहा केला. एकच कप, तरी दूध दोघांचं पडलं. माधवीचा लॅपटॉप उघडला. कोणती चूक, हे त्यांना अकरा महिन्यांत सापडलं नव्हतं. फाइल शंभरदा वाचली होती. आज पुन्हा एकदा वाचली, मग अपडेट दाबलं.

वीस मिनिटं लागली. खिडकी परत आली, शेऱ्याची जागा रिकामी होती.

चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन त्यांनी आपल्या लॅपटॉपवरून मंजुरी दिली आणि खाली लिहिलं, 'चौदा क्रमांक दुसऱ्या कुठल्या ओळीला देऊ नये.'

मानसीचं उत्तर लगेच आलं. 'देत नाहीच सर. फाइलचा नियमच आहे, तुम्हीच शिकवलात. जेवलात का?'

त्यांनी 'नाही' असं लिहिलं आणि कुकर लावायला उठले.