बरोबरी झाली असती तर

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेतला नव्हे. पाढे आणि व्याकरण यांच्याशी माझा कधी संबंध आला नाही. माझं सारं आयुष्य गेलं डिचोलीच्या बस स्टँडसमोर, गोकुळदासांच्या चहाच्या हॉटेलाच्या भिंतीवर. मुळगावच्या एका सुताराने फणसाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि काळा रंग दिला. सुरुवातीची वर्षं माझ्यावर पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी यांचे भाव असत. मग भाषेचं आंदोलन आलं. सकाळी कोणी मराठीच्या बाजूने माझ्यावर घोषणा लिही, दुपारी कोणी कोंकणीच्या. गोकुळदास दोन्ही पुसत आणि पुन्हा भाजीचा भाव लिहीत, कारण भाजी दोन्हीकडचे लोक खात. गोवा राज्य झालं त्या दिवशी मात्र त्यांनी भाव पुसून माझ्यावर एक मोठं फूल काढलं. ते कोबीसारखं दिसत होतं, पण मी दिवसभर ऐटीत होतो.

माझे खरे सोन्याचे दिवस आले ते हॉकीमुळे. गोकुळदासांचा मुलगा गौरेश कॉलेजात गेला आणि हॉकी खेळू लागला. आंतरमहाविद्यालयीन साखळीत आमच्या गटात पाच कॉलेजं होती. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले तर गोलफरक बघायचा. वरच्या दोन टीम पणजीला बाद फेरीत जायच्या. गोकुळदासांनी जन्मात कधी हॉकीची काठी हातात धरली नव्हती, पण गुणतक्त्याचं त्यांना वेड लागलं. भाजीचे भाव एका पुठ्ठ्यावर गेले आणि मी सगळाच्या सगळा हॉकीचा झालो.

तक्ता लिहून झाला की लोक बशीत चहा ओतून माझ्यासमोर उभे राहत आणि जर-तर सुरू होई. हे हरले तर, ते दोन गोलांनी जिंकले तर, परवा पाऊस पडून सामनाच झाला नाही तर. मला हे जर-तर फार आवडायचं. खाणीचे ट्रक जात, लाल धूळ माझ्या अंगावर बसे आणि दुपारच्या त्या गुंगीत मी मनातल्या मनात प्रत्येक टीमला एकदा तरी पणजीला पोचवून येई. शेवटच्या नंबरावरची टीमसुद्धा माझ्या स्वप्नात एकदा जिंकली होती.

राज्य होऊन काही वर्षं झाली. गौरेशचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं, आणि तो डिचोलीचा कप्तान झाला. पणजीच्या बाद फेरीत गोव्याची टीम निवडणारे लोक येऊन बसत. त्यांच्यापुढे एकदा खेळायचं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि ही शेवटचीच संधी होती.

साखळीतला एकच सामना उरला होता, पेडणे विरुद्ध डिचोली. दोघांचे चार-चार गुण. म्हापशाची टीम आपले सगळे सामने खेळून पाच गुणांवर थांबली होती. कोणीही जिंकला तर त्याचे सहा होणार, म्हापसा दुसरं येणार आणि हरलेला घरी जाणार. पण बरोबरी झाली तर तिघांचेही पाच, आणि गोलफरकात म्हापसा मागे. म्हणजे पेडणे आणि डिचोली एकही गोल न करता हातात हात घालून पणजीला.

सामन्याच्या आदल्या दिवशी पेडण्याचा कप्तान किरण पेडण्याजवळच्या मोप्याहून बसने आला. सोबत भाजलेल्या काजूंची पिशवी होती. माझ्याखालच्या बाकावर बसून तो हळू आवाजात म्हणाला, "गौरेश, उगीच धावपाचें कित्याक? बॉल तुमी आमका दियात, आमी तुमका दितांव. दोगांय पणजीक."

गौरेशने भाजीची बशी किरणच्या पुढे सरकवली. आमच्याकडे याचा अर्थ होकार असाच घेतात.

गोकुळदासांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे खडू उचलला आणि माझ्यावर शेवटचा तक्ता लिहून टाकला. पेडणे पाच, डिचोली पाच. त्याखाली एक जाड रेघ, आणि रेघेच्या खाली म्हापसा.

पद्मावतीबाई, म्हणजे त्यांची बायको, आतून पाव घेऊन येत होत्या. उद्याचा निकाल आजच लिहिलेला पाहून त्या थबकल्या. "अवो, म्याच फाल्यां न्ही? आजूक खेळूंक ना आनी तुमी बरयलें?"

"तुका कळचें ना. हें गणित," गोकुळदास म्हणाले.

संध्याकाळी निवृत्ती आला. त्याचे वडील चंदगडकडून येऊन डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले होते. तो राहायचा आमच्या गावात, पण शिकायचा म्हापशाला आणि गोलरक्षक होता म्हापशाच्या टीमचा. रोज बसमधून उतरला की तो इथेच चहा घ्यायचा. त्या दिवशी कप हातात घेऊन तो माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"काका, मॅच झाली व्हय?"

"ना रे. फाल्यां."

"मग आमच्या डोक्यावर रेघ आजच कशी मारली?"

गोकुळदास हसले आणि "चा पी, थंड जाता" म्हणाले. निवृत्तीने कप तसाच ठेवला आणि तो गेला. गल्ल्याशेजारी गौरेश ग्लास विसळत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला फार वाईट वाटलं. ती रेघ अंगावर घेऊन मला नीट स्वप्नही पडेना.

दुसऱ्या दिवशी मला पुसून रिक्षातून मैदानावर नेलं. गुणफलक मीच होतो. निवृत्ती माझ्या सावलीत येऊन बसला. सामना सुरू झाला, पण त्याला सामना कसा म्हणू? लग्नाच्या पंगतीत आग्रह चालावा तसा चेंडू इकडून तिकडे जात होता. लोक शेंगा खात होते. गोकुळदास खडू खिशात घालून निवांत उभे होते.

मध्यंतरानंतर चेंडू गौरेशकडे आला. किरण सवयीने बाजूला झाला. गौरेशने एकदा आमच्या दिशेने पाहिलं आणि तो सरळ पुढे सुटला. चेंडू गोलच्या फळीवर आदळला तेव्हा कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

किरण धावत आला. "ठरलेलें कितें आनी केलें कितें?"

"खेळ रे तूं," गौरेश म्हणाला.

मग मात्र पेडणेकर चवताळले. त्यांनी गोल फेडला. एक-एक झाले. आमचे लोक ओरडू लागले, "पुरो, गौरेश, आतां पुरो." पुन्हा बरोबरी होती, पुन्हा पणजी हाताशी होती. गौरेश परत पुढे गेला. त्याचा फटका अडला, चेंडू उलट फिरला, आणि शेवटच्या क्षणांत पेडण्याने दुसरा गोल केला.

गोकुळदासांनी माझ्यावर लिहिलं. पेडणे सहा, म्हापसा पाच. डिचोलीपुढे चार लिहिताना त्यांनी खडू फार जोरात दाबला. अंगावर तो आकडा उमटत असताना मला ते कळत होतं.

हॉटेलात परत आल्यावर ते मुलाला म्हणाले, "बरोबरी पुरी आसली रे. कित्याक गेलो फुडें?"

गौरेश माझ्याकडे बघत होता. "बाबा, तुमी काल आमका फळ्यार पणजीक पोंचयलें. मागीर मैदानार खेळपाक कायच उरूंक नाशिल्लें."

गोकुळदासांनी खिशातला खडू काढून गल्ल्यात टाकला. थोड्या वेळाने निवृत्ती दारात येऊन उभा राहिला, आत यावं की नाही अशा विचारात. गौरेशने चहाचे दोन ग्लास भरले आणि त्याला बाकावर बसवलं. या वेळी निवृत्तीने चहा संपवला.

म्हापसा पणजीत पहिल्याच सामन्यात हरलं. गौरेश तो सामना बघायला गेला होता. स्वतः तो तिथे कधीच खेळला नाही. आता हॉटेल तोच चालवतो. साखळी कधीच बंद पडली, भाव छापील पाटीवर आले आणि मी मागच्या पडवीत भिंतीला टेकून आहे. वाळवी एका कोपऱ्याला लागली आहे. कधी एखादं पोर कोळशाने माझ्यावर रेघोट्या ओढतं, तेवढीच गंमत.

मित्रांनो, तुमच्या गावात असा एखादा फळा असेल तर त्याला पावसात टाकू नका, अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा. आमचं लाकूड याहून जास्त काही मागत नाही. आणि खेळ व्हायच्या आधी कोणाच्या डोक्यावर रेघ मारू नका. त्या रेघेखाली एक मुलगा चहाचा कप धरून उभा असतो.