फुंकणीतलं तेल

"अल्ला जाने, ह्या बाईच्या पोटात काय सडलंय," महंमद मिस्त्री बॉनेटखाली मान घालून पुटपुटला.

अंजना हातभरावर पितळी ताट धरून उभी होती. तिनं पदर नाकाला लावला. वास तिलाही येत होता. खवट तेल, उंदराचा मूत आणि त्याखाली आणखी काहीतरी मेलेलं. पण ताट सोडून जायची सोय नव्हती. मिस्त्री एकेक नट काढून ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं ताटात मांडत होता.

लढाई संपल्यावर साताऱ्याचा एक गोरा साहेब विलायतेला निघाला, त्याची ही गाडी. तिच्या नवऱ्यानं, जमादार लालासाहेबांनी, ती आष्ट्याला आणली. इंजिनाच्या कडेला ब्लोअर होता, आत वारा कोंबून गाडीला चढाला जोर देणारा. घरातल्या बायका त्याला फुंकणी म्हणायच्या, आणि कामही चुलीपुढच्या फुंकणीचंच.

भाद्रपदात सांगलीच्या महंमदनं गाडी तपासून, तेलपाणी करून दिली. मग खंडेनवमी आली. घरातली हत्यारं, विळे, नांगराचा फाळ, सगळं धुऊन तेल लावून पुजलं. जमादारांनी गाडीलाही झेंडूची माळ घातली. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण घाण्यावरून ताजं करडईचं तेल आलं होतं. त्यातलं वाटीभर त्यांनी फुंकणीच्या तेलाच्या पेल्यात ओतलं, "खा गं बाई, सणाचं," म्हणाले, आणि सगळं घर हसलं.

पंधरा दिवसांत गाडी अडली. करडईचं तेल तापून तापून खळीसारखं चिकट होतं हे समई घासणाऱ्या बाईला कुणी सांगायला लागत नाही. घरात सगळ्यांना कळलं. बोललं कुणीच नाही, कारण तोवर जमादार पारावर सांगून मोकळे झाले होते : मिस्त्रीनं खरं तेल काळ्या बाजारात विकलं आणि गाडीत भलतंच घातलं.

पारावरची गोष्ट कुंडल गावाला पोचायला वेळ लागत नाही. तिथल्या एका मालकानं दुरुस्तीला दिलेली आपली लॉरी महंमदकडून काढून घेतली. सांगलीतली दोन गिऱ्हाइकं तुटली. शेवटी माघात महंमदनं निरोप धाडला : तुमच्याच दारात, चार माणसांदेखत गाडी उघडतो. माझी चूक निघाली तर हे नट काढायचे पाने तुमच्या उंबऱ्यावर ठेवीन, पुन्हा हातात धरणार न्हाई.

आणि आज तो उकिडवा बसून ब्लोअरचा पट्टा सैल करत होता. जमादार खुर्ची टाकून बसले होते, मिशीला पीळ देत. तिच्या सासूबाई राहीबाई जोत्यावर वाती वळत होत्या. शेजारचा गुंडा नावाचा गडी अंगणाच्या दगडी गडग्यावर चढला होता, सोबत आणखी चौघं.

"ह्याचं कारबुरेटर कुनी काढलं?" महंमदनं विचारलं.

"मी. बघायला," जमादार म्हणाले. "ब्लोअरच्या उघड्या तोंडात फडकं कोंबलं हुतं."

"फडकं उंदरांनी न्हेलं, साहेब. आन् ऱ्हायला आले."

चार बोल्ट सुटले, ब्लोअर हलला. महंमदनं तो पोटाशी धरून खाली उतरवला आणि गोणपाटावर कलंडवला. आतून कापसाचा, सुतळीचा लगदा पडला, त्यात चिकटलेली वाळकी गुलाबी पिल्लं.

"मिस्त्री, बाळंत झाली की हो गाडी," गुंडा म्हणाला. "बारशाला बोलवा."

गडग्यावरचे हसले. महंमद हसला नाही. तो आता दुसऱ्या बाजूनं भिडला, ब्लोअरमधून आलेला वारा इंजिनात वाटून देणाऱ्या लोखंडी फाट्याला. सहा नट निघाले तरी फाटा सुटेना. त्यानं लाकडी मोगरीनं हळूहळू ठोकलं, इकडून, तिकडून. शेवटी चर्रकन आवाज करत फाटा निघाला, जखमेवरची पट्टी ओढावी तसा.

"वैनी, चिंधी द्या, सोच्छ. हितनं आत एक नट पडला तर इंजिनच गेलं."

अंजनानं जुन्या लुगड्याचे तुकडे दिले. त्यानं इंजिनाची उघडी तोंडं बुजवली आणि फाटा उन्हात धरला. आत ब्लोअरमधून वाऱ्याबरोबर आलेली तपकिरी, दाट, तारा सुटणारी राड होती. शेंबडागत. त्यानं बोट घातलं, चोळलं, हुंगलं.

"इंजिनचं त्याल असं हुत न्हाई, साहेब. हे खायचं त्याल हाय."

"मग?" जमादार म्हणाले. "मी काय सांगत हुतो गावाला? खायचं त्याल घातलंस तू."

अंजनानं सासूकडं पाहिलं. राहीबाईंनी वातीवरची नजर काढली नाही. गडग्यावरचा गुंडा गाडीला माळ घातली त्या दिवशी इथंच प्रसाद खाऊन गेला होता. तो पायाचा अंगठा बघत होता.

महंमदनं हात पुसून पाने एकेक करून फडक्यात गुंडाळले. गाठ मारली. उठला आणि उंबऱ्याकडं चालू लागला. त्याच्या मानेवर काळा ओघळ आला होता, तो त्यानं पुसलाही नाही.

अंजना फाट्याकडं बघत नव्हती. नवऱ्याच्या तेल लावलेल्या मिशीकडं, सासूच्या वातींकडं बघत होती, आणि चार महिने खरं गिळून गिळून आपल्याच तोंडाला आलेली चव तिला कळत होती. उंदराच्या घाणीपेक्षा ती वाईट होती.

"अंजे, ताट ठिव आन् आत जा," राहीबाई म्हणाल्या.

तिनं ताट ठेवलं. आत गेली नाही. महंमद उंबऱ्याशी वाकला, तेवढ्यात ती मधे जाऊन उभी राहिली.

"अंजना," जमादार म्हणाले.

"पाने उचला, मिस्त्री," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गडग्यापर्यंत गेला. "त्याल करडईचं हाय, आमच्याच घाण्याचं. खंडेनवमीला ह्यांनी वतलं. वाटी मीच आणून दिल्ती, आन् हितं बसल्याल्या समद्यांनी बघितलंय."