घरामागचा लाल टोमॅटो

हिमनदीच्या काठावर, उंच डोंगरात एक मुक्कामघर होतं. त्याची मालकीण सव्वीस वर्षं गिर्यारोहकांना जेवू घालत होती, आणि सव्वीस वर्षं हट्टाने घरामागच्या वाफ्यात टोमॅटो लावत होती. ते थंडीने हिरवेच गळून पडायचे.

यंदा एका सकाळी ती वाफ्यातून ओरडतच आत आली. “पिकला! अगदी लालबुंद!”

न्याहारीला बसलेले अकराही गिर्यारोहक अनवाणीच बाहेर धावले. एकाने टोमॅटोला कडक सलाम ठोकला. मालकिणीने टोमॅटोच्या कागदासारख्या पातळ तेरा फोडी केल्या.

तेवढ्यात तिची थोरली नणंद हिमनदीवरून परतली. दर उन्हाळ्यात ती किती सरकली ते मोजायचं काम नणंदेचं.

“वन्सं, आधी तोंड उघडा!”

नणंदेने फोड चाखून डोळे मिटले. “झकास गं, वहिनी.” मग ती हळूच म्हणाली, “बर्फ यंदा चाळीस मीटर मागे गेलाय. ज्या उबेने तो वितळला, तिनेच हा पिकला.”

मालकिणीने रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. पण ओठांवरचा गोडवा काही जाईना, आणि तिला हसूच फुटलं.

“मग पुढच्या वर्षी वांगी लावू का हो?”

“नको गं बाई! त्यांना तर आणखी ऊब लागते!” नणंद कळवळून म्हणाली, आणि तीही खो खो हसत सुटली. दोघी एकमेकींना धरून वाफ्याच्या कडेला मटकन बसल्या.