तड्यावरची काच

मी काचेची एक पट्टी बोलतेय. सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला एका घराच्या भिंतीवर बसवलं. वेळ इतकी नक्की सांगते, कारण खाणीच्या मोजणीसाहेबांनी ती माझ्या शेजारीच पेन्सिलीनं लिहिली होती.

त्याआधी मी कुणीच नव्हते. खाणीच्या नव्या ऑफिसच्या खिडक्यांना काचा कापल्या, त्यातला उरलेला तुकडा. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. काचवाला मला फेकणारच होता. साहेब म्हणाले, "राहू द्या, असल्या चौदा लागतील मला." खाणीच्या कडेला चौदा घरं होती.

कोळशाची खाण नवीनच उघडत होती. आधी शेतांत झेंडे लागले. मग वरची माती खरवडून तिचा डोंगर झाला. मग खडक फोडायला सुरुंग सुरू झाले. रोज दुपारी भोंगा व्हायचा, पाठोपाठ धडाका, आणि या घरातली फळीवरची भांडी एकमेकांवर आपटायची. खिडकीच्या कोपऱ्यातून एक तडा निघाला होता, तो रोज थोडा थोडा खाली उतरत होता. त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंट लावून साहेबांनी मला आडवी चिकटवली.

"भिंत हलली की ही तुटेल," ते म्हणाले. "तुटली तर तुमचं घर पहिल्या यादीत. त्या लोकांना आधी लांब नवी घरं मिळणार. पुढच्या सोमवारी बघून जातो, बुधवारी यादी पाठवायचीय."

"काच लावून भिंतीचं दुखणं कळतं होय?" घरातल्या आजी म्हणाल्या. "मग माझ्या गुडघ्यालाही एक लावा."

साहेब हसले. हसता हसताच म्हणाले, "आजी, हिच्यावर काही लावायचं नाही हं. रंग नको, कागद नको. उघडी नसली तर तुटली तरी यादीसाठी धरत नाहीत. घरात सगळ्यांना सांगा."

"सांगते की," आजी म्हणाल्या, आणि गुडघा चोळत उठल्या. सून तेव्हा आत दूध तापवत होती. त्या दिवशी आजींनी गुडघ्याचा विनोद शेजारीपाजारी चार जणींना सांगितला. तेवढा निरोप सांगायचा राहिला.

सुनेचा जीव तसाही टांगणीला लागलेला. नवरा खाणीच्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून पाण्याचा टँकर फिरवायचा आणि संध्याकाळी तीच धूळ अंगावर घेऊन घरी यायचा. पदरात अकरा महिन्यांची छोटी. भिंत धरून उभं राहायला नुकतीच शिकली होती. मी उन्हात चमकायचे, म्हणून ती सारखी माझ्याकडे यायची. तिचा तो ओला, चिकट हात मला फार आवडायचा. पण माझी कड धारदार होती, हेही खरं.

तिसऱ्या दिवशी सुनेनं औषधांच्या डब्यातली पांढरी चिकटपट्टी काढली आणि मला या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकून टाकलं. वरून नखानं दाबून बसवली.

"आता तुटली तरी पोरीला लागायची नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

"डोकं आहे तुला," तो म्हणाला. त्याला तरी कुठे माहीत होतं.

शुक्रवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी मी तुटले. बरोबर मधोमध. जन्माला येऊन करायचं एकच काम, ते मी केलं. पण चिकटपट्टीनं मला इतकं घट्ट धरलं होतं, की बारीकसा आवाजही बाहेर गेला नाही. भोंगा झाला की सून छोटीला उराशी धरून अंगणात जायची. ती आत आली, माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आहे बाई जागेवर." काचेला बोलता येतं ते तुटतानाच. माझी ती वेळ निघून गेली होती.

सोमवारी साहेब आले आणि दारातच थबकले. चिकटपट्टी हळूच सोलून काढली. आतून माझे दोन तुकडे निघाले.

"वहिनी, तुटलीय खरी. पण सुरुंगानं तुटली, की हे लावताना दाबून, मी काय लिहू?"

"सुरुंगानंच साहेब. लावली तेव्हा आख्खी होती."

"मग तुटलेली कधी दिसली?"

खोटं तिच्या ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं. ती म्हणाली, "झाकल्यावर कशी दिसणार?"

तेव्हा आजी पुढे आल्या. "साहेब, तिची चूक नाही. तुम्ही मला सांगितलं होतं. मी पोचवलं नाही." त्या दिवशी त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. पण झाकलेली काच त्याला धरता येईना. मग 'नवीन पट्टी बसवली' असं लिहून गेला. बुधवारी यादी गेली, त्यात या घराचं नाव नव्हतं. दुसरी यादी कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात सून छोटीला घेऊन माहेरी आली. नवऱ्याची नोकरी तिथे, आजींना एकटं ठेवता येत नाही, म्हणून ते दोघं त्याच भिंतीपाशी राहिले. निघताना तिनं माझे तुकडे कागदात गुंडाळून बटणांच्या डब्यात घालून बरोबर आणले. आता मी तिथेच असते.

रोज दुपारी, तिकडचा भोंगा होऊन गेला असेल अशा वेळी, ती फोन लावते.

"अहो, नवी पट्टी कशी आहे?"

"शाबूत आहे." सुरुंग सध्या पलीकडच्या अंगाला लागतात.

"बरं," ती म्हणते. भिंत टिकावी असं म्हणावं की काच तुटावी असं, हेच तिला ठरवता येत नाही. छोटी शेजारी बाबांना हाका मारत फोन ओढत असते.

माझ्या बहिणी आणखी पुष्कळ भिंतींवर लागतील, कारण खाणी अजून निघतायत. तुमच्या घरात एखादी असली, तर मुलाचं अंथरूण तिच्यापासून लांब करा, पण तिला झाकू नका. आणि हे ऐकल्यावर नुसतं "सांगते की" म्हणू नका. आतल्या खोलीत दूध तापवत जी कुणी उभी असेल, तिच्याजवळ जा आणि तिला सांगा.