पाचव्या घागरीतलं सोनं

त्या रविवारी संग्रामपूरजवळच्या नदीकाठी पाय ठेवायला जागा नव्हती. वाळूत एकवीस घागरी ओळीने मांडल्या होत्या आणि घागरबाबा गरजत होता, "पहिल्या घागरीत गुंजभर सोन्याचं भस्म! तिचा एक थेंब दुसरीत, दुसरीचा तिसरीत! घागर वाढली का गुण वाढला! एकविसावीचं पानी पेलं का टीबी काय, टीबीचा बापबी पळते!" स्वतः बाबा मात्र सर्दीने बेजार होता. दर दोन वाक्यांमागे उपरण्याला नाक पुशी.

शाळेत रसायन शिकवणारे माणिकराव रांगेतल्या थोरल्या बहिणीकडे पाहत होते. सत्यभामाबाईंना क्षय होता. सरकारी दवाखान्यातल्या सुया लागू पडत होत्या, अंगही धरलं होतं. पण चार महिन्यांपूर्वी बाईंनी सुया सोडून हे पाणी धरलं. माणिकराव विनवून, रागावून थकले होते.

"ताई, त्या पान्यात काही नाही वं!"

"काऊन नाही? थेंबभर ताकानं गंजभर दूध लागते. मंग थेंबभर भस्मानं घागर काऊन लागनार नाही?"

रांगेतल्या बायांनी माना डोलावल्या. रोज विरजण लावणाऱ्या हातांना हे पटणारच.

"विरजण दुधावर पोसते, वाढते. सोनं पान्यावर पोसते का? टाकले तेवढेच कण राह्यतात. मोजूनच दाखवतो."

"न दिसणारे कण मोजशान कसे मास्तर?" रांगेत तांब्या घेऊन उभ्या असलेल्या कडूबाने विचारलं.

"तोलून. शंभर दाण्यांचं वजन ठाऊक असलं का पोत्यातले दाणे सांगता येतात. तसंच हे. एकशे सत्त्याण्णव ग्रॅम सोनं म्हंजे एक मोल. एका मोलात अणू किती? सहावर तेवीस शून्यं!"

कोळसा घेऊन ते घाटाच्या पायरीवर लिहू लागले. सगळं भस्म सोनंच धरलं, तरी गुंजभरात अणू सदतीसवर एकोणीस शून्यं. घागरीत थेंब चार लाख, म्हणून दर घागरीला चार लाखांनी भागायचं. तिसरीत उरले दोनशे तीस कोटी. चौथीत पावणेसहा हजार.

"अन् पाचवीत?" कडूबा पुढे सरकला.

"अशा सत्तर पाचव्या घागरी भरा, त्यातल्या एखादीत एक अणू सापडला त सापडला. एकविसावीत निव्वळ नदी आहे!"

कडूबाने तांब्या उपडा केला आणि घरची वाट धरली. बाबाने नाक पुसलं. "मास्तरच्या गणितात श्रद्धेले जागा नाही!" लोक हसले, रांग पुढे सरकली. माणिकरावांना पायरीवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

"तुयं गणित बरोबर असन, माणिक," सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. "पण सुयांनी गाठी आल्या रे. अन् इथं चार बाया माह्यासंगं बोलतात. गावात त कोनी जवळ बसत नाही."

हे कुठल्या पायरीवर मांडायचं? माणिकराव म्हणाले, "मी बसतो. दर सुईले मी येतो." तेव्हा कुठे त्या रांग सोडून निघाल्या.

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी दीड महिना सुया दिल्या, थुंकी तपासली आणि मान हलवली. "अर्धवट सोडलंत. जंतू आता या औषधाला जुमानत नाहीत."

सत्यभामाबाई दिवाळीआधी गेल्या.

लोक म्हणतात, पाण्याने काय बिघडलं, साधं पाणीच तर होतं. खरं आहे. त्यात विष नव्हतं, औषध नव्हतं, काहीच नव्हतं. पण त्यापायी चार महिने गेले, आणि ते कुठल्याच डॉक्टरला परत आणता आले नाहीत. बाप्पांनो, मायबाईंनो, पाणी कोणाचंही प्या. चालू औषध मात्र कोणाच्याही सांगण्यावरून सोडू नका.