समुद्रगायीची डावी बरगडी

शेवटची समुद्रगाय, समुद्रातलं ते होडीएवढं जनावर, मेली तेव्हा आमच्यापैकी कुणाचे आजोबाही जन्मले नव्हते. तरी बेरिंग बेटावर तिच्याशिवाय आमचं पान हलत नाही. किनाऱ्यात पुरलेल्या तिच्या बरगड्या उपसून, घासून आम्ही बर्फगाडीखाली पट्ट्या लावतो. लाकडापेक्षा त्या कितीतरी जोरात पळतात.

माझे वडील पाम्फिल जन्मभर लोखंडी सळई घेऊन किनाऱ्याची जमीन टोचत फिरले. दगडावर सळई खणकन वाजते, हाडावर आवाज दबतो. त्यांना अख्खी गाय हवी होती. एर्मिलमामा सगळ्यांत मोठ्याने हसायचा, "आला बघा मेलेल्या गाईचा गुराखी!"

वडील गेले. टोचून झालेल्या जागेची खूण म्हणून त्यांनी शेवटची खुंटी ठोकली होती, तिथून पुढे मी खणत राहिले आणि या उन्हाळ्यात गाय सापडली. कोऱ्या चहासारखी काळपट हाडं, थेट शेपटीपर्यंत! जहाजाने आलेल्या म्युझियमच्या साहेबांनी ती वाळूवर मांडली. "पूर्ण भरली तर शोधणाऱ्याचं नाव पाटीवर लिहू," म्हणाले. मला तिथे बाबांचं नाव हवं होतं. पण डावीकडची एक बरगडी कमी पडली, आणि जहाज दुपारी सुटणार होतं.

सगळं गाव माती चाळायला लागलं. एर्मिलमामा तेवढा आपल्या दारात, बर्फगाडीवर ठाण मांडून. चहाला हाक मारली तरी उठेना. फुकटचा चहा सोडणारा माणूस तो नव्हे!

"मामा, ऊठ."

"गुडघे धरलेत गं, मात्रोना."

"काल तर नाचत होतास. ऊठ म्हणते ना!"

उठला. मी गाडी उलटी केली. एक पट्टी पिवळट, दुसरी काळपट.

"तिथूनच उपसली होती, पंचवीस वर्षांपूर्वी," मामा पुटपुटला. "तुझ्या बापाला जागा सांगितली असती तर त्याने ही परत मागितली असती. हिच्यावर दर हिवाळ्यात गाड्यांची शर्यत जिंकलो मी."

"आणि बाबा दुसरे यायचे."

"हो. वर मीच हसायचो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण मामाने स्वतःच वाद्या सोडल्या, पट्टी खांद्यावर टाकली आणि किनाऱ्यावर नेऊन दिली. एका बाजूने झिजली होती, तरी जागी चपखल बसली. पाटीवर बाबांचं नाव गेलं.

या हिवाळ्यात बाबांच्या जुन्या गाडीवर मी पहिली आले. मामाच्या गाडीला एक पट्टी हाडाची, एक लाकडाची. ती गोल फिरत चर्चच्या कुंपणात घुसली. बर्फातून डोकं वर काढून तो ओरडला, "शाबास! गुराख्याचीच पोर ती!"

त्या नावावर मी पहिल्यांदाच हसले.